अंगठीवरचा उजेड

“कोणी पाहिलं काय?”

नरहररावांनी पहिला प्रश्न हा विचारला. अल्लीपूरच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस. पोरांनी प्रश्न विचारले पाहिजेत, असं सांगण्यात हयात गेली, आणि आज पोटच्या पोरीनं भरल्या ताटावर एवढी मोठी गोष्ट सांगितली तर यांना नेमका हाच प्रश्न सुचला. सुधाताईंच्या हातातली पोळी हातातच राहिली.

“नाई,” चारुता म्हणाली. “कोणीच नाई पाहिलं, बाबा.”

“मग झालं तर.”

“काय झालं?”

नरहररावांनी भात कालवायला घेतला आणि कालवतच राहिले.

चारुता काल न कळवता आली होती. सेवाग्राम स्टेशनावर उतरली, रिक्षानं सिंदी मेघेला आली आणि दारात उभी राहिली, तेव्हा सुधाताईंना वाटलं, लग्नाच्या साड्या घ्यायला आली असेल. साक्षगंधात बोटात अंगठी चढून दोन महिने झाले नव्हते. सेलूचा भूपेंद्र, नागपूरच्या कॉलेजात शिकवणारा, शांत मुलगा. सगळं कसं मनासारखं जुळून आलं होतं. पण पोरगी रात्री जेवली नाही, सकाळी चहा तसाच थंड होऊ दिला, आणि उजव्या हाताच्या बोटाला रुमाल गुंडाळून बसली. आईनं विचारलं तर म्हणाली, सुजलं आहे. आणि आता जेवताना एकदम बोलली, की गुंजनच्या डोळ्याला जे झालं ते माझ्या अंगठीनं झालं.

गुंजन अल्लीपूरची. नरहररावांच्या हाताखाली शिकलेल्या गोपालची मुलगी. चारुतानंच तिला आपल्या प्रयोगशाळेत नेलं होतं. तिच्या उजव्या डोळ्यात लेझरचा किरण गेला, ही बातमी घरात आठवड्यापूर्वीच पोचली होती. तिनं डोळे वाचवायचा चष्मा वर केला होता म्हणे. पोरीनं काळजी घ्यायला नको का, असं या घरात प्रत्येकानं एकेकदा म्हणून झालं होतं.

“पण अंगठीचा काय संबंध?” सुमीतनं विचारलं. चारुताचा मोठा भाऊ, वर्ध्याच्या कोर्टात वकिली करतो. त्याचं ताट बाजूला सरकलं होतं.

चारुतानं सांगितलं. ती आणि तिच्याबरोबरचे लोक लेझरचा एक अतिशय छोटा, अतिशय जोरकस झोत वायूत सोडतात. एसटी भरधाव गेली की मागे पाचोळा ओढला जातो, तसे त्या झोतामागे इलेक्ट्रॉन ओढले जातात आणि प्रचंड वेग घेतात. ज्या कामाला मोठाले बोगदे खणावे लागतात, ते बोटभर जागेत करून दाखवायचं, यावर तिची पाच वर्षं गेली होती. हे घरात सगळ्यांना पाठ होतं. नरहरराव तर येणाऱ्याजाणाऱ्याला एसटीसकट सांगत. पण एक गोष्ट तिनं घरी कधी सांगितली नव्हती. तो उजेड डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. चकाकणाऱ्या कशावर पडला की कुठेही उडतो. म्हणून आत जाताना घड्याळ नाही, बांगडी नाही, अंगठी नाही. दारावर तशी पाटीच आहे.

“अन् तू अंगठी घालून गेली?” सुमीत म्हणाला.

“काळी पट्टी गुंडाळली होती तिच्यावर. वरून हातमोजा. पण आरशाचा स्क्रू फार बारीक असतो, दादा. हातमोज्यातून समजत नाई. म्हणून काढला. अन् घामानं पट्टी सुटली.” ती ताटाकडे बघत होती. “टक् असा आवाज झाला. गुंजन ओरडली. मी हाताकडे पाहिलं तर पट्टी लोंबून राह्यली होती.”

“अन् गुंजनचा चष्मा कपाळावर होता.”

“हाव.”

“हे तिनं सोता सांगितलं?”

“हाव.”

सुमीतनं खुर्ची मागे घेतली. वकिलाला रस्ता दिसला की त्याच्या आवाजातच कळतं. “मग ऐक. आज चार वाजता चौकशी समितीचे लोक व्हिडिओवर विचारतीन. जेवढं विचारलं तेवढंच सांगजो. अंगठी होती काय, असं कोणी विचारणार नाई. नाई विचारलं तर नाई सांगायचं. हे खोटं बोलणं नाई.”

“बराबर आहे,” नरहरराव म्हणाले.

सुधाताईंना लेकाचं बोलणं पटलं नाही आणि तरी बरं वाटलं. त्यांच्या डोळ्यांसमोर सेलूची माणसं आली. ज्या अंगठीनं एका पोरीचा डोळा गेला, ती अंगठी त्यांची. हे कळल्यावर त्या घरात सून म्हणून हिच्याकडे कसं पाहतील? गुंजनचा डोळा आधी आठवायला हवा होता आणि आपल्याला व्याही आठवले, याची त्यांना लाज वाटली. पण भीतीपुढे लाजेचं काही चालत नाही.

नरहररावांची बहीण, वर्षाली आत्या, मघापासून ओट्याजवळ उभी होती. तिच्याकडे कोणी पाहत नव्हतं. मुद्दामच पाहत नव्हते.

तेवढ्यात फाटक वाजलं.

“सर आहेत काय घरी?”

सुमीतनं खिडकीतून पाहिलं आणि मागे वळला. “गोपालकाका आहेत. गुंजनही आहे संगं.”

चारुता उठून आत जायला निघाली. नरहररावांनी तिचा दंड धरला. “बस. पळाली तर काही तरी वाटंन त्याले.”

गोपाल आत येऊन खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. डोळ्यांच्या दवाखान्यातून तो थेट इकडेच आला होता. गुंजन त्याच्या शेजारी. डोळ्याला पट्टी नाही, जखम नाही. दोन्ही डोळे आपले स्वच्छ, काळेभोर. सुधाताईंना पाणी देताना वाटलं, अरे, हिला तर काहीच झालेलं नाही. क्षणभर त्यांच्या जिवात जीव आला.

“सर, माफी मागाले आलो,” गोपाल म्हणाला.

“कसली रे?”

“तुमच्या पोरीनं एवढ्या भरोशानं आमच्या पोरीले नेलं. अन् हिनं काय केलं? चष्मा वर केला. आता चारुताताईलेच बोल लागला असंन न तिथं, का तुमचीच माणूस आहे म्हणून.” त्यानं हात जोडले. “लेकरू आहे. पोटात घाला.”

आपल्याहून वयानं लहान, पण केस पांढरे झालेल्या त्या माणसाचे जोडलेले हात नरहररावांनी पाहिले. शाळेत हा मागच्या बाकावर बसायचा, उत्तर येत नसलं तरी हात वर करायचा. “हात खाली घे, गोपाल,” ते म्हणाले.

“डॉक्टर काय म्हणाले?” सुधाताईंनी विचारलं.

“वाट पाहा म्हणतात,” गुंजन म्हणाली. “आत रक्त साकळलं आहे. कमी होईन का तसंच राहीन, आत्ताच सांगता येत नाई.”

“दिसते न पण?”

गुंजननं डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि उजव्यानं सरळ चारुताकडे पाहिलं. “मधात काळं आहे, काकू. ताईचे कान दिसून राह्यले. कानातले दिसून राह्यले. केस दिसतात. तोंड नाई दिसत.” तिनं हात खाली घेतला. “सकाळी उठली का मी पहिले खिडकीचे गज पाहते. किती गज गायब आहेत ते. काल वाटलं एक कमी झाला. आज पुन्हा तेवढेच.”

चारुताचा उजवा हात ओढणीखाली होता. त्या डोळ्यानं आपलं तोंड गुंजनला दिसत नाही, याचं तिला त्या क्षणी बरं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी आपल्याला बरं वाटलं याची धडकी भरली.

“ताई, एक विचारू?” गुंजन पुढे झुकली. “मी चौकशीत सांगून टाकलं, चूक माझी आहे. पण किरण त्या बाजूले आलाच कसा? मी रोज डोक्यात सगळं मांडून पाहते. टेबल, आरसे, सगळं. तिकडे जायाले रस्ताच नव्हता. मले आता वाटते, मीच एखादा आरसा हलवला असंन.”

“तू नाई हलवला,” चारुता म्हणाली.

“आठवत तर नाई. पण हलवलाच असंन. त्याशिवाय कसा येईन?”

चारुतानं तोंड उघडलं. ती सांगणार, असं सुधाताईंना स्पष्ट वाटलं. तेवढ्यात नरहरराव उठले आणि म्हणाले, “उन्हाचे आले तुम्ही, चहा घेऊन जा.” गोपाल नको नको म्हणत उभा राहिला, बस चुकेल म्हणाला, पुन्हा एकदा हात जोडले आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडला. फाटकापाशी गुंजननं एक डोळा झाकून रस्त्याकडे पाहिलं. बहुतेक सवयच लागली होती तिला.

फाटक बंद झालं तशा सुधाताई नवऱ्याकडे वळल्या.

“पोरीले आता सोताच्याच आठवणीचा भरोसा वाटून नाई राह्यला,” त्या म्हणाल्या. “ऐकलं न तुम्ही? न हलवलेला आरसा हलवला म्हणून राह्यली ते.”

“सुधा, तू मधात पडू नको.”

“काऊन नको? मघाशी सुमीतचं ऐकून मलेही बरं वाटलं होतं. आता नाई वाटत.”

“आई, चारुचं संशोधन बंद होईन,” सुमीत म्हणाला. “पाच वर्षं पाण्यात. लग्नाचं काय होईन ते वेगळंच.”

“होऊ दे.”

“असं कसं होऊ दे?” नरहररावांचा आवाज एकदम चढला. “अंगठी होती म्हणून सांगितलं, तर पुढचा सवाल काय येईन? काऊन नाई काढली? मग काय सांगंन हे? आत्यानं शपथ घातली होती? अंगठी काढली का नवरदेव मरते, असं सांगंन? गावोगाव फिरून अंधश्रद्धेवर भाषणं केली मी! अन् माझ्या घरातली शास्त्रज्ञ…”

ते थांबले. फार उशिरा थांबले. सगळ्यांनी ओट्याकडे पाहिलं.

वर्षाली तिथेच उभी होती. मुकेशचं नाव या घरात कोणी घेत नसे. त्याच्याशी तिचं साक्षगंध झालं तेव्हा ती चारुताहूनही लहान होती. एका सकाळी धुणं धुताना साबणानं निसटायला लागली म्हणून तिनं अंगठी काढून कोनाड्यात ठेवली, आणि मग विसरली. संध्याकाळी सेलूच्या रस्त्यावर मुकेशच्या स्कूटरला ट्रकनं उडवलं. पुढे स्थळं आली, तिनं नाही म्हटलं. नगरपालिकेच्या शाळेत शिकवत राहिली, भावाची पोरं वाढवली. चारुताच्या साक्षगंधाला, हॉलमध्ये फोटो चालले असताना, तिनं पोरीला हात धुण्याच्या नळापाशी नेलं होतं आणि म्हटलं होतं, लग्न लागेपर्यंत काढजो नको, तुले माझी शपथ. पोरगी हसली होती. हसली म्हणून वर्षालीनं दुसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा मात्र हसली नाही. ही शपथ पुढे घरात सगळ्यांच्या कानावर गेली होती.

“दादा,” वर्षाली म्हणाली, “मुकेश गेला तेव्हा तू मले काय म्हटलं होतं?”

“आता ते काऊन…”

“काहीच नाई म्हटलं. तेराव्यापर्यंत बायका येऊन सांगत होत्या, अंगठी काढाले नको होती पोरीनं. तू बाहेरच्या खोलीत बसून ऐकत होता. भाषणं तेव्हाही करत होता तू. पण घरात येऊन एकदा तरी म्हणायचं होतं न, का वर्षा, अंगठीनं काही होत नाई. मी तुझं ऐकलं असतं. तुझंच ऐकलं असतं.”

नरहरराव खुर्चीत बसले. “मले वाटलं, तुले मालूम आहे.”

“मले नव्हतं मालूम,” वर्षाली म्हणाली. “आजही नाई.”

हे बोलणं सुमीतला सहन झालं नाही. तो उठून अंगणात गेला आणि उगाच गाडीची काच पुसत बसला.

वर्षाली चारुतासमोर येऊन बसली. “हात दे.”

चारुतानं हात मागे घेतला.

“दे म्हटलं न.”

“आत्या, नको.” तिच्या डोळ्यांत खरोखरीची भीती होती. “आज नको. भूपेंद्र नागपूरहून गाडीनं येऊन राह्यला. पोचेपर्यंत तो रस्त्यावर आहे.”

सुधाताईंनी लेकीकडे पाहिलं. पाच वर्षं न दिसणाऱ्या उजेडाशी खेळणारी ही पोरगी. आत्याचं मन राखायला अंगठी ठेवली असेल, असं त्या आत्तापर्यंत समजत होत्या. तसं नव्हतं. तिलाही तेच वाटत होतं जे वर्षालीला वाटत होतं.

“मी काढायचा प्रयत्न केला, आई,” चारुता रडायला लागली. “प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून रोज. अर्धी सरकवायची अन् पुन्हा आत. मले माहीत आहे का काही होत नाई. गणित मांडून दाखवते मी तुले का काही होत नाई. पण हात होत नाई न.”

“माझाही होऊन नाई राह्यला,” वर्षाली म्हणाली. “पाह्य.” तिनं आपली बोटं पुढे धरली. ती कापत होती. “मलेही भेव लागून राह्यलं. आपण दोघी मिळून भिऊ. पण काढू.”

रुमाल सोडला. बोट सुजून लाल झालं होतं, अंगठी मांसात रुतली होती. आठवडाभर तिला ओढून, फिरवून, पुन्हा आत ढकलून पोरीनं बोटाची ही दशा केली होती. साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं, हलेना. मग सुधाताईंनी शिवणाच्या डब्यातून दोरा आणला. त्याचं टोक अंगठीखालून घातलं आणि वर्षालीनं तो बोटाच्या पेरावर घट्ट गुंडाळत नेला, एकाला एक लागून, नखापर्यंत. दुखत असणार, पण चारुता हूं की चूं करत नव्हती. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

“भूपेंद्रले फोन करू काय आधी?” ती म्हणाली. “गाडी थांबव म्हणून सांगते.”

“नाई,” वर्षाली म्हणाली, आणि खालचं टोक ओढायला सुरुवात केली. दोरा उलगडत गेला तशी अंगठी एकेक वेढा पुढे सरकली, सांध्यावर अडली, चारुता किंचाळली, आणि अंगठी वर्षालीच्या तळहातावर आली. इवलीशी, तेलानं माखलेली. बोटाला पांढरा वळ राहिला.

बाहेर एक मोटारसायकल जोरात गेली तर तिघीही दचकल्या.

चार वाजता चारुता पुढच्या खोलीत संगणकासमोर बसली. तोंड धुतलं होतं, केस मागे बांधले होते. नरहरराव आले, एक खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारी बसले. ती म्हणाली, बाबा, तुम्ही दिसाल त्यांना. ते म्हणाले, दिसू दे. लोकांपुढे उभं राहायची एवढी सवय असलेला माणूस, पण आज शर्टाचं वरचं बटण लावताना त्यांचं दोनदा चुकलं.

वर्षाली स्वयंपाकघरात होती. एका मुठीत अंगठी, दुसऱ्या हातात फोन. पोरीला नाही म्हटलं होतं, पण तिचं स्वतःचं मन थाऱ्यावर नव्हतं. तिनं भूपेंद्रला फोन लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, बंद झाली.

तिनं पुन्हा लावला.

पुढच्या खोलीतून चारुताचा आवाज येत होता. पट्टीचं सांगून झालं होतं, हातमोज्याचं सांगून झालं. गुंजननं कुठलाही आरसा हलवलेला नाही, असं तिनं दोनदा सांगितलं. मग पलीकडून एका पुरुषानं काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण सवाल कोणता असणार हे वर्षालीला ठाऊक होतं. फोनमध्ये घंटी वाजत होती. कोणी उचलत नव्हतं. ती ओट्याला टेकून खाली बसली. ती सकाळ, तो कोनाडा, दारात आलेला तो पोलीस, सगळं तिच्या अंगावर चालून आलं.

“मला भीती वाटली म्हणून,” चारुता पलीकडे म्हणाली. “मी अंगठी काढली तर एका माणसाचा जीव जाईल, अशी मला भीती वाटली. मला ते खरं वाटत होतं.”

मग नरहररावांच्या खाकरण्याचा आवाज आला. “मी तिचा बाप,” ते म्हणाले. “विज्ञानाचा मास्तर होतो. ती भीती आमच्या घरातली आहे. ती काढायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही.”

सुधाताई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

वर्षालीनं तिसऱ्यांदा नंबर लावला. घंटी वाजली. एक, आणखी एक. आणि मग वारा आणि गाड्यांचा आवाज एकदम कानात शिरला.

“हां, आत्या, बोला ना. मघाशी केळझरपाशी गर्दी होती, उचलता नाई आला. काय म्हणता?”

तिनं मूठ घट्ट आवळली. मुठीतली अंगठी तळहातात रुतत होती.

“आत्या? ऐकू येऊन राह्यलं काय?”

“गाडी चालवून राह्यला?”

“हो, तुमच्याकडेच तर येऊन राह्यलो.”

“पहिले बाजूले घे. रस्त्याच्या पार खाली उतरव. इंजिन बंद कर.”

“झालं काय पण?”

“बंद कर म्हटलं न!”

खडीवर चाकं करकरली, मग इंजिन बंद पडलं. एक ट्रक त्याच्या बाजूनं घोंघावत आला, त्याचा आवाज मोठा झाला, आणखी मोठा झाला, आणि निघून गेला.

“थांबलो,” भूपेंद्र म्हणाला. “बोला.”

“मी तिची अंगठी काढली,” वर्षाली म्हणाली. “आत्ताच. माझ्या हातानं. सगळं सांगते तुले, मग तुले काय वाटंन ते वाटू दे. पण फोन ठेवजो नको. तू काहीही बोल, भूपेंद्र. फक्त बोलत राह्य.”